खडीवरचा गूळ

"बाबा, रोज गूळ खाऊनसुद्धा माणूस खोकतो, म्हणजे त्याची श्रद्धाच कमी पडते. हो ना?"

विचारणारे भुजंगराव खडी क्रशरचे मालक. चिमटेबाबांचे पट्टशिष्य, असं ते स्वतःच सांगायचे. दर गुरुवारी टेकडीवरच्या मठात हजर. आज जीपमध्ये मागं सिद्रामला घालून आणलेलं.

सिद्राम त्यांच्याकडं बारा वर्षं दगडाला ड्रिल मारत होता. वय चौतीस. मठाच्या दोन पायऱ्या चढला आणि तिसरीवर बसला.

"डॉक्टर काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"म्हणतो, दगडाची भुकटी छातीत बसलीय, आता निघायची नाही. परत धुळीत पाठवलंत तर मरेल." भुजंगराव हसले. "पण बाबा, सुट्टी झाली की प्रत्येकाच्या हातावर मी स्वतः गुळाचा खडा ठेवतो. गुळानं धूळ उतरते. आजोबा ठेवायचे, वडील ठेवायचे."

"आजोबांचे गडी कुठंयत?"

"वारले."

"वडिलांचे?"

"तेपण... लवकरच गेले. तेव्हाचा गूळ हलका असायचा."

बाबांनी पायरीवरच्या सिद्रामकडं पाहिलं.

"तुम्ही नुसता अंगारा लावा. सोमवारी याला ड्रिलवर उभा करतो. याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

सिद्राम काहीतरी बोलायला गेला. त्याच्या आधी खोकलाच बोलला, बराच वेळ.

बाबा उठले, थेट जीपपाशी गेले.

"बॉनेट उघड."

गुरूची आज्ञा. भुजंगरावांनी उघडलं.

"हे डबड्यासारखं काय?"

"एअर फिल्टर, बाबा. आपल्याकडं धूळ लई. महिन्याला नवा टाकतो."

"काढ."

काढला.

"आता त्याच्या जागी गुळाचा खडा ठेव. अन् ने गाडी क्रशरवर."

भुजंगराव हसले. बाबा हसले नाहीत.

"काहीतरीच काय, बाबा! धूळ आत गेली तर इंजिन बसेल की!"

...

खालून वारा आला. क्रशरची पांढरी धूळ तिघांच्या अंगावर बसली. भुजंगरावांनी घाईघाईनं फिल्टर रुमालानं पुसला, होता तिथं बसवला आणि बॉनेटला हात घातला.

"थांब. लावू नको."

बाबांनी सिद्रामचा हात धरून त्याला उठवलं, सावकाश जीपपर्यंत आणलं.

"लेकरा, जाताना मागं बसू नको. हितं, बॉनेटखाली बस. हितं जपतात."