धुतलेले पाय

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की ते गाव नेमकं कुठे होतं हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वस्ती होती आणि वस्तीच्या मधोमध एक छोटंसं दगडी चर्च होतं.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी वस्तीतला एक वडीलधारा बाराजणांचे पाय धूत असे. प्रथा सुंदर होती. पण चांगल्या गोष्टीचं माणसं काय करून ठेवतील, काही सांगता येत नाही.

पाय धुणाऱ्याचं वर्षभर कौतुक होई, म्हणून पाय धुवायला मिळावेत यासाठी चढाओढ सुरू झाली. ज्यांचे पाय धुवायचे, ते घरूनच ते घासूनपुसून, टाचांना तेल लावून येत. चारचौघांत मळके पाय कसे पुढे करायचे? म्हणजे धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे, आणि त्यासाठी भांडायचं.

एका वर्षी एलिया आणि शमुवेल असे दोघे वडीलधारे हटून बसले. एलिया म्हणाला, "माझ्याहून लहान इथं कुणी नाही, तेव्हा हे काम माझं." शमुवेलने हात जोडून सांगितलं की आपण एलियाहूनही लहान आहोत. आपण किती नम्र आहोत हे सांगता सांगता दोघांचे आवाज चढले. इकडे घंगाळातलं कढत पाणी निवत चाललं.

बाराजणांच्या रांगेत शेवटी सलोमी सुईण बसली होती. वस्तीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. पाय टम्म सुजला होता, आणि घरी एकटीला वाकून तो काटा काढता येत नव्हता. भांडण संपायचं चिन्ह दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "पाणी ऊन हाय तवर माझा पाय तेवढा बघा की रं कुणी."

एलियाने चिंधीत गुंडाळलेला पाय पाहिला. त्याने अगदी गोड शब्दांत सांगितलं की यामुळे घंगाळातलं पाणी खराब होईल, तेव्हा मावशींनी आधी घरी पाय धुऊन यावं. एवढ्या एका गोष्टीवर शमुवेलचं आणि त्याचं एकमत झालं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि प्रार्थना सुरू केली. अशा माणसांपुढे कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा.

सलोमी काठी टेकत घरी गेली. शेवटी पाय कुणी धुतले, हे सांगायचीही मला इच्छा नाही.

शनिवारी सकाळी एलियाच्या लेकीला कळा सुरू झाल्या, पण मूल काही येईना. एलिया धावत सलोमीच्या घरी गेला. ती तापाने फणफणली होती आणि तिचा पाय काळानिळा पडला होता.

"मावशी, चला. पोर हातची जाईल माझी."

"पाय टेकत नाय, एलिया."

एलियाने तिच्या पायाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाठ करून खाली बसला. भर वस्तीतून तो तिला पाठुंगळी घेऊन निघाला. शमुवेल दारात उभा राहून पाहत होता. चिंधीतला पू एलियाच्या पांढऱ्या अंगरख्यावर गळत होता.

वाटेत सलोमी म्हणाली, "परवा घंगाळापाशी जागा नव्हती. आज पाठीवर मिळाली."

एलिया तसाच चालत राहिला. लाजेने त्याची मान वर होत नव्हती.

त्याला नात झाली आणि लेकही वाचली. न्हाणीत कढत पाणी उरलं होतं. त्यात एलियाने सलोमीचा पाय घेतला, चिंधी सोडली, पू धुतला आणि काटा काढला. पाहायला तिथे कुणी नव्हतं. पण उशीर झाला होता. सलोमीच्या पायाचा अंगठा गेला आणि ती जन्मभर लंगडत राहिली.

त्यानंतर तिला बाळंतपणाचं बोलावणं आलं की एलिया येऊन तिच्यापुढे पाठ करून बसे. याला वस्तीत कुणी नम्रता म्हटलं नाही, आणि एलियानेही कधी म्हटलं नाही.

ज्या पायाला खरंच धुण्याची गरज आहे त्याच्यापुढे वाकणं, ही सेवा. बाकी सगळं नुसतं वाकून दाखवणं.