गोमाजीचं कडं

डोंगराळ मुलखातल्या एका राजाच्या किल्ल्याला शत्रूचा वेढा पडला होता. वर तीनशे शिपाई होते आणि कोठार रिकामं झालं होतं. दोन दिवसांत धान्य पोचलं नाही, तर दरवाजे उघडावे लागणार होते.

धान्य पोचवायचं काम गोमाजी खेचरवाल्याकडं आलं. त्याच्याकडं अकरा खेचरं होती, तलवार नव्हती. लढाईचा नुसता आवाज ऐकला तरी त्याला घाम फुटायचा.

एकच वाट उरली होती. कड्याच्या पोटातून जाणारी, जेमतेम खेचराच्या रुंदीची. समोरच्या टेकडीवर शत्रूच्या बंदुका. गोमाजी सकाळच्या धुक्यातून निघाला. अशा वाटेवर खेचरं एकमेकांना बांधायची नाहीत, हे प्रत्येक खेचरवाला जाणतो. पण घाबरलेल्या माणसाला शिकलेलं काही आठवत नाही. एखादं बुजून पळेल या धास्तीनं गोमाजीनं अकराच्या अकरा खेचरं एका दोराला बांधली.

निम्म्या वाटेवर धुकं विरलं. गोळी आली आणि पहिलं खेचर दरीत कोसळलं. त्यानं दुसऱ्याला ओढून नेलं. तिसऱ्याचे खूर घसरू लागले.

गोमाजी सगळ्यांत पुढं होता आणि सगळ्यांत मागं त्याचा जोडीदार सिदोजी. सिदोजी म्हणाला, "गोमाजीदादा, जाऊ दे ती खेचरं. त्यांच्या पोटाखालनं सरपटत मागं ये. शत्रूनं धान्य लुटलं म्हणून सांगू. कोण बघतंय?"

खरं सांगायचं तर गोमाजीला ते पटलं. तो मागं वळलासुद्धा. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. बुरुजावर शिपाई दाटीनं उभे होते. सगळे त्याच्याकडंच बघत होते.

गोमाजी पोटावर सरपटत उघड्या कडेला गेला. डोक्याशेजारी खडकावर गोळ्या आपटत होत्या. तो रडत होता, देवाला हाका मारत होता आणि कमरेच्या विळ्यानं तिसऱ्या खेचरापुढचा दोर कापत होता. दोर तुटला. नऊ खेचरं किल्ल्यावर पोचली, आणि महिन्याभरात वेढा उठला.

त्या राज्यात लढाईनंतर दरबारात तलवारी उपसून दाखवायची रीत होती. ज्याच्या पात्यावर खाचा जास्त, त्याला शौर्याचं सोन्याचं कडं. किल्लेदारानं गोमाजीचं नाव सुचवलं, तेव्हा सेनापती हसला. "याची तलवार कुठं आहे?"

गोमाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, कडं नगं. भिऊन म्याच दोर बांधला हुता. दोन जनावरं माझ्यापायी गेली."

राजानं विचारलं, "आणि दोर कापताना भीती गेली होती का?"

"न्हाई महाराज. तवा तर लई वाटत हुती. अजून झोपंत वाटती."

राजा गादीवरून खाली उतरला आणि त्यानं स्वतः गोमाजीच्या मनगटात कडं घातलं. मग तो सरदारांकडं वळला. "आजपासून तलवारी म्यानातच असू द्या. मी एवढंच विचारीन. भीती कुठं वाटली, आणि तिथं तुम्ही काय केलंत?"

सरदारांनी उपसलेल्या तलवारी म्यानात घातल्या.

तात्पर्य: भीती कुणाला चुकलेली नाही. ती उरात घेऊन जो दुसऱ्याच्या तोंडी घास पोचवतो, तो शस्त्राशिवायही शूरच असतो.