बुवांची ओली छाटी

"…पण बुवा, एका कुलपाला अंगारा लावायला तुम्हाला अडचण ती काय आहे?"

उन्मेष देसाईने हे दुसऱ्यांदा विचारलं. पितळी कुलूप त्याने पाटावर ठेवलं होतं. नवं कोरं, किल्ली दोऱ्याला बांधलेली.

रेवणबुवा नुकतेच विहिरीवरून अंघोळ करून आले होते. झोपडीच्या दारात उभं राहून नेसायची ओली भगवी छाटी पिळत होते. पिळता पिळता म्हणाले,

"कुठल्या दाराचं?"

"दवाखान्याच्या गच्चीचं."

"गच्चीवर चोर येत्यात?"

"चोर परवडले, बुवा. बायका येतात."

किटवाडीच्या मुलखात एक रीत आहे. साधं कुलूप तुटतं. बुवांनी अंगारा लावलेलं तुटत नाही. बियाण्याच्या खोलीला, देवळातल्या भांड्यांच्या पेटीला लोक असं कुलूप घालतात आणि निश्चिंत झोपतात. उन्मेषने आधी गच्चीला साधंच कुलूप लावलं होतं. ते दगडाने तुटलं. कुणी तोडलं, हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हा उन्मेष बुवांच्या मठाच्याच शाळेत शिकलेला. पुढे पुण्याला गेला, वास्तुविशारद झाला, नाव काढलं. मठाचा जुना बाळंतपणाचा दवाखाना पाडून नवा बांधायचं ठरलं, तेव्हा बुवांनी त्यालाच बोलावून घेतलं होतं. त्याने बांधला तोही जीव ओतून. भिंती अशा, की भर उन्हाळ्यात आत गारवा. छपराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. मोरीचं पाणी गाळून बागेला. गच्चीभर सोलर पॅनल. दाराशी पर्यावरणपूरक इमारतीची, हिरव्या पानाची पाटी. लांबून लांबून माणसं पाहायला यायची आणि उन्मेष त्यांना स्वतः फिरवून दाखवायचा. त्या इमारतीबद्दल तो नाकावर माशी बसू देत नसे.

"बायका वर जाऊन करत्यात काय?" बुवांनी विचारलं.

"कपडे वाळत घालतात. पॅनलवर! बाळुती, दुपटी, लुगडी… परवा तर कुणीतरी वाकळ टाकली होती. अख्खी गोधडी, बुवा!"

"वाळत्यात?"

"वाळतात हो! न वाळायला काय झालं? पण एका पॅनलवर एक दुपटं पडलं, तर सगळ्या रांगेची वीज उतरते. मी भिंतीवर लिहून लावलं. सिस्टरांनी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी."

बुवा पिळतच होते.

"सोमवारी पहाटे गावची वीज गेली," उन्मेष म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला. "आमची बॅटरी भरलेलीच नव्हती. उबेच्या पेटीत एक मुलगी होती. अपुऱ्या दिवसांची. पेटी बंद पडली. सिस्टरने तिला आईच्या छातीशी बांधलं, वरून शाली गुंडाळल्या. वीज येईपर्यंत…"

बुवांचे हात थांबले.

"कुणाची पोर?"

"धनगरवाड्यावरची."

"आता कशी हाय?"

"बरी आहे. पेटीतच आहे. पण पुढच्या वेळी काय, बुवा? तेव्हा मी कुणाला तोंड दाखवू?"

उन्मेष भित्रा नव्हता, पण त्या पहाटेपासून घाबरलेला होता. रागाने तो ते झाकत होता, एवढंच. बुवांना ते दिसलं असावं. त्यांनी छाटीला शेवटचा पीळ दिला, ती झटकली आणि त्याच्या हातात ठेवली.

"वाळवून आण."

"इथे दोरी आहे की."

"ती माझ्या झोपडीची. तू तुझ्या दवाखान्यात वाळव. भुईला लावायची न्हाई. दोनच छाट्या हायत माझ्या, आन् सांजच्या पूजेला हीच लागती."

"आणि कुलूप?"

"ते राहू दे हितं. छाटीचं करून ये… मग अंगारा."

उन्मेषला हसू आलं. म्हातारपण, दुसरं काय. तो अंगण ओलांडून दवाखान्यात गेला.

श्रावणातली दुपार होती. एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि लखलखीत ऊन पडलं होतं. या डोंगराळ भागात असं ऊन घटकाभरच टिकतं, म्हणून माणसं त्याच्यावर डोळा ठेवून असतात.

त्याने आधी हिरवळ पाहिली. हिरवळीवर दोरी नव्हती. झाडं होती, पण त्याने लावलेली, अजून कमरेएवढीच. शेजारी पाटी होती: येथे कपडे वाळत घालू नयेत. मजकूर त्याचाच.

मागच्या बाजूला गेला. तिथे पाणी मुरवायचा खड्डा, त्यावर गोटे. कठड्यांवर वेली चढवलेल्या. वेलीवर छाटी टाकली असती, पण पानांवर पावसाने उडालेला चिखल होता. खिडक्यांचे गज कामाला आले असते. त्याच्या खिडक्यांना गज नव्हते.

छाटीचं पाणी त्याच्या विजारीवर ठिबकत होतं. तो ती दोन्ही हातांवर घेऊन चालला होता, नवस फेडायला निघाल्यासारखा.

आतल्या बोळात शिरला, तोच पाठीमागून आवाज आला.

"ओ काका! ओलं आत आणू नका. कितींदा सांगायचं तुम्हा लोकांना?… अगंबाई, साहेब तुम्ही!"

सिस्टर ओशाळली. उन्मेष तिच्याहून जास्त.

"सिस्टर, हे कुठे वाळत टाकू?"

"आपल्याकडे धुलाईचं यंत्र आहे ना, वाळवणारं."

"मग त्यात…"

"ते चादरींचं, साहेब. पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या कपड्यांना नाही चालत. तुमच्याच नियमात आहे."

होतं खरं. यंत्राला लागणारी वीज त्याने खाटांवरून मोजली होती. खाटेवर एक बाळंतीण. पण या मुलखात बाळंतीण एकटी येत नाही. तिच्याबरोबर आई येते, सासू येते, एखादी जाऊ येते, आणि अंगावरच्या लुगड्यांखेरीज त्यांच्याकडे आणखी एकेकच असतं. जुन्या दवाखान्याला लांबच लांब ओसरी होती. तिच्या लाकडी कठड्यावर दुपटी वाळायची. शाळेत असताना तो त्या दुपट्यांखालून पळायचा आणि ओलं फडकं तोंडावर फटकन बसायचं. नव्या इमारतीचा नकाशा काढताना त्याला ते आठवलं होतं. गबाळं दिसतं, म्हणून त्याने ओसरीच काढून टाकली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर रिकामी बादली. त्याच्या हातातली छाटी पाहून ती सरकली, वाट दिली.

"वर जा, लेकरा. वर काच तापल्याली हाय. तव्यावानी."

"आजी, तुम्ही वर टाकलंय काही?"

"टाकलंय की. नातीची दुपटी. पोर पेटीत हाय न्हवं का आमची. ओलं दुपटं लागलं तर पोरीला गारठा व्हतोय, असं सिस्टरबाई म्हनत्यात. म्हून पळत वर गेले. हे ऊन काय, आत्ता हाय, मग न्हाई."

उन्मेष थांबला.

"आजी… तुम्ही धनगरवाड्यावरच्या का?"

"व्हय. तू वळखतोस व्हय आमाला?"

त्याने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं ओठावर होतं. रांग, बॅटरी, पहाट. म्हातारी त्याच्याकडे मायेने पाहत होती.

"…नाही," तो म्हणाला.

"जा, जा. ऊन हाय तवर टाकून घे."

तो वर गेला.

गच्चीवर दुपटी ओळीने मांडलेली होती. फेकलेली नव्हती, नीट, कडा ताणून. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर बारीक गोटे ठेवले होते. त्याच्याच खड्ड्यातले. त्याने एक दुपटं उचललं. अजून ओलसर होतं, हाताला गरम लागलं. दुसरीकडे ठेवावं म्हणून त्याने चहूकडे पाहिलं, आणि मग होतं तिथेच परत पसरलं.

पश्चिमेकडून ढग येत होता.

उन्मेष पुष्कळ वेळ छाटी घेऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि ती स्वतःचीच, हेही कळत होतं. शेवटी तो कडेच्या पॅनलपाशी गेला. कमीत कमी काच झाकली जाईल अशी छाटीची घडी घातली. मग मनात आलं, घडी वाळायची नाही. उलगडली. ताणून पसरली. कोपऱ्यांना चार गोटे शोधले.

खाली उतरून झोपडीत परतला, तेव्हा बुवा पाटासमोर बसले होते. कुलूप तिथेच होतं. शेजारी अंगाऱ्याची वाटी.

"वाळली?"

"वाळत घातलीय."

"कुठं?"

उन्मेषने दारातून गच्चीकडे पाहिलं.

बुवांनीही तिकडे पाहिलं. अंगठा वाटीत बुडवला, कुलपावर ओढला. पितळेवर राखेची करडी रेघ उमटली. कुलूप त्यांनी त्याच्यापुढे धरलं.

उन्मेषने हात पुढे केला नाही.

"राहू दे, बुवा. कुलूप नको."

"नको कसं? आन् रातीला वीज गेली तर? पोरगी पेटीत हाय म्हनलास न्हवं?"

"…हो."

"मग?"

"पण तिचीच दुपटी वर आहेत, बुवा."

बाहेर ऊन कमी होऊ लागलं होतं. अंगणापलीकडे ती म्हातारी दवाखान्याच्या जिन्याकडे लगबगीने जाताना दिसली, हातात बादली.

उन्मेषने कुलूप घेतलं. ते त्याला भलतंच जड वाटलं. तो तसाच दारात उभा राहिला. आत येईना की बाहेर जाईना.

"मग मी नक्की काय करू, बुवा?"

रेवणबुवांनी वाटीवर झाकण ठेवलं.

"कुलूप लाव जा… पण आधी वाळवणाला जागा कर. माझी छाटी आत अडकवू नको."