तिसऱ्या दिव्याची कहाणी

ऐका सटवाईआई, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, आणि नगराच्या वेशीबाहेर कुंभारवाडा. तिथं एक कुंभारीण राहत होती. नवरा चाक फिरवी, ही माती मळी, दोघं मिळून मडकी भाजायचा आवा लावीत.

त्या नगरात सटवाईचा वसा होता. चैत्रातली षष्ठी आली की घरोघरच्या बाया कुंभारणीकडून दिवे नेत. जितकी लेकरं तितके दिवे. ते उंबऱ्यावर मांडावे, एकेक दिवा लावावा, एकेका लेकराचं नाव घ्यावं, आणि त्याला काय दुखतंखुपतं ते मोठ्यानं सांगावं. कुणाचं तोतरं बोले, कुणाचं अंथरूण ओलं करी, कुणाचं माती खाई. लाजायचं नाही, चोरायचं नाही, असा नेम. दिव्यांवरून कुंभारणीला साऱ्या नगराची लेकरं ठाऊक होती.

कुंभारणीला स्वतःची तीन. थोरली रंगू, लग्नाला आलेली. मधला हरबा. धाकटी आवडी, पाच वर्षांची, भारी बोलकी. दिवसभर बापाच्या चाकाशी बसून मातीचे बैल करी, आणि बैलाचं तोंड बिघडलं तर बैलालाच रागवी.

एके दिवशी आवडी जेवायला बसली. घास हातात, तशीच ताठ झाली. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झाडू लागली. सासूनं कांदा फोडला, जुनं पायताण नाकाशी धरलं. घटकाभरानं पोर सावध झाली, पाणी मागितलं, झोपी गेली.

मग सासू म्हणाली, "सूनबाई, हे फेफरं. आधी दार लाव. पोर आजोळी वाढायला दिली म्हणून सांगू. रंगूचं अजून व्हायचंय. ह्या घरात फेफऱ्याचं पोर आहे हे कळलं, तर कोण सोयरा उंबरा चढेल? झाकली मूठ सव्वा लाखाची."

कुंभारणीला ते पटलं. बायांनो, भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं.

चैत्रातली षष्ठी आली. कुंभारणीनं नगरासाठी टोपल्या भरभरून दिवे केले, आपल्या उंबऱ्यावर दोनच मांडले. आवडीला उचललं, धान्याच्या कणगीत बसवलं. म्हणाली, "चिमणे, आयाबाया जाईपर्यंत गप बस. हूं की चूं करू नको." तों दाराशी एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, हातात सूप, कानावर बोरूची लेखणी.

"बाई, लेकरं किती?"

"दोन," कुंभारीण म्हणाली.

"बरं," म्हातारी म्हणाली आणि चालती झाली. कणगीत आवडीनं ऐकलं. तिनं बोटं मोजली. रंगू एक, हरबा दोन. दोन तिथंच संपले. त्या दिवसापासून आवडी बोलेनाशी झाली. हाक मारली तर मान वळवीना, नाव घेतलं तर हूं म्हणेना.

दिवाळी आली. बाया पणत्या न्यायला आल्या. ह्या खेपेला सासूनं आवडीला चाकाच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली. तों पुन्हा तीच म्हातारी.

"बाई, लेकरं किती?"

कुंभारणीनं चाकाच्या खोलीकडे पाहिलं. सासूनं डोळे वटारले. "दोन," ती म्हणाली.

"बरं," म्हातारी म्हणाली. दाराआड आवडीनं ऐकलं. संध्याकाळी कडी काढली, तर खोलीतलं एकही मडकं धड नव्हतं. आईनं हात धरला, तिला चावली. आजी जवळ आली, तिच्यावर माती फेकली. इतके दिवस ती आजारी होती, आता द्वाड ठरली. फेफरं तर येतच होतं, आधी महिन्याकाठी, मग आठवड्याला.

सासू म्हणाली, "हिला बाहेरचं झालंय." देवरुषी बोलावला. त्यानं सळई तापवली. म्हणाला, "हिचे हात धरा." बापानं मान फिरवली. रंगू परसात पळाली, कानांवर हात घेऊन बसली. आईनं हात धरले. होय बायांनो, आईनंच धरले. पोटावर तीन डाग दिले. आवडी तेव्हा ओरडली ती ओरडली, मग आईकडे बघतच राहिली. कुंभारणीला ती नजर चुलीपाशी दिसे, विहिरीवर दिसे, माती मळताना मातीत दिसे. पण तोंड उघडायची छाती होईना.

वर्ष फिरलं. पुन्हा चैत्र, पुन्हा षष्ठी. त्याच दिवशी रंगूला बघायला पाहुणे आले. घर खातंपितं, दोन मुलगे, थोरल्यासाठी रंगूला मागत होते. घरात आनंदाला पारावार नव्हता. अंगणाच्या कडेला आवा रचून तयार होता. खाली गोवऱ्या, वर मडकी, पुढच्या अंगाला एक मोठा कच्चा रांजण आडवा घातलेला, वरून पेंढा, त्यावर ओल्या मातीचा लेप, अग्नी द्यायला पुढं तोंड तेवढं उघडं. नवा सोयरा आला की आव्याला अग्नी त्याच्या हातून द्यायचा, अशी कुंभारवाड्याची रीत.

कुंभारणीनं ताटं वाढली. एक घास चोरून पदराखाली घेतला, आवडीला द्यायला कणगीपाशी गेली. कणगी रिकामी. चाकाची खोली उघडली, खोली रिकामी. पहिल्यांदा पोरीला आईनं लपवलं, दुसऱ्यांदा आजीनं. तिसऱ्यांदा कुणी सांगितलंच नव्हतं. माणसांचा आवाज ऐकला आणि पोर आपली आपणच लपली.

कुंभारीण परसात गेली. नाही. गोठ्यात गेली. नाही. अंगणात आली आणि थबकली. आव्याच्या तोंडाशी ओल्या लेपावर पाच बोटं उमटली होती. इवलीशी पाच बोटं, आणि खाली पडलेला मातीचा बैल.

पलीकडे व्याही हातात पेटती चूड घेऊन उभे होते. नवरा हात जोडून म्हणत होता, "द्या, तुमच्या हातून द्या."

कुंभारीण वाकली. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशी हलकेच म्हणाली, "आवडे." आतून काही नाही. पुन्हा म्हणाली, "आवडे, ये गं." आतून काही नाही. मुलाची आई, ती पाहुणीबाई, मागं येऊन उभी राहिली. "कोण हो आवडी?"

कुंभारणीच्या तोंडून निघून गेलं, "आमची शेळी."

आपले शब्द आपल्याच कानांवर पडले. चूड खाली खाली येत होती. पेंढ्याला लागायला हातभर उरलं. तों आव्याच्या पलीकडे म्हातारी दिसली, हातात सूप, कानावर बोरू. ती पुढं आली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, लेकरं किती?"

कुंभारणीच्या डोळ्यांपुढं रंगू उभी राहिली. रंगूचं लग्न, सासूचे डोळे, नगराची तोंडं. मग तिनं उडी घातली. व्याह्यांचा हात धरला, चूड हिसकून भुईवर पायानं तुडवली. पाय भाजला तिचा. ती साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "तीन! मला तीन लेकरं. तिसरी आवडी. तिला फेफरं येतं, ती आत आहे, आवा फोडा!"

बापानं दोन्ही हातांनी लेप ओढला, पेंढा ओढला. रांजणात आवडी होती. डोळे फिरलेले, ओठांवर फेस, अंग झाडत होतं. हाक कशी ऐकणार? सासू पायताण आणायला धावली. म्हातारी म्हणाली, "राहू दे ते. दातांत काही घालू नको, हातपाय आवळू नको. कुशीवर वळव. डोक्याखाली पदर दे. आणि जवळ बस." कुंभारणीनं तसं केलं. एक पळ गेलं, दोन पळं गेली. एवढी लांब पळं तिनं जन्मात पाहिली नव्हती. मग अंग सैल पडलं, श्वास लागला. आवडीनं डोळे उघडले. किती महिन्यांनी ती बोलली.

"आई, पाहुणे गेले?"

कुंभारणीनं तिला छातीशी धरलं. "नाही गं बाई. इथंच आहेत. बघू देत तुला."

मग ती म्हातारीच्या पायांवर पडली. म्हणाली, "आई, चुकले. हा तुझा कोप आहे, उतरव." म्हातारी म्हणाली, "खुळी का तू? सहाव्या दिवशी मी कपाळी लिहिते, त्यात दुखणं असतं. कोप म्हणून लिहीत नाही, शिक्षा म्हणून लिहीत नाही. दुखण्याला वैद्य दाखवावा. पण लपवणं मी कुणाच्या कपाळी लिहिलेलं नाही. ते तुमच्या हातचं." एवढं बोलली, आणि बघतात तों म्हातारी नाही, सूप तेवढं उंबऱ्यापाशी.

पाहुणे उठले. कुणी पाणी घेतलं नाही, कुणी निरोप घेतला नाही. बैलगाडी जुंपली आणि निघाले. सासू कपाळ बडवून घेऊ लागली. रंगू रडली नाही. तिनं आवडीचं तोंड पुसलं, मातीचा बैल उचलून तिच्या हातात दिला. कुंभारणीनं उंबऱ्यावर तीन दिवे मांडले. तीन नावं घेतली. तिसऱ्यापाशी फेफरं सांगितलं, पोटावरचे डागही सांगितले, आणि हात कुणी धरले होते तेही सांगितलं.

दिवे अजून जळत होते, तों वेशीपाशी गाडी थांबली. पाहुणीबाई एकटीच उतरली, चालत आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "मला दिवे हवेत."

कुंभारीण म्हणाली, "घ्या. किती देऊ?"

"दोन," ती म्हणाली. मग उंबऱ्यावरच्या तिसऱ्या दिव्याकडे बघत राहिली. "नाही. तीन दे."

पुढं रंगू त्याच घरी नांदायला गेली. आवडीला वैद्याचं औषध लागू पडलं, फेफरं उणावलं, अगदी गेलं असं नाही. पण ती नगरात कुठंही पडली, तरी कुणीतरी धोंडे बाजूला सारी, कुशीवर वळवी, ती उठेपर्यंत जवळ बसे. ती बोलू लागली, बैलांना रागवू लागली.

घेतला वसा झाकू नये, लाजू नये, मोजताना चुकू नये. सटवाईआई, कुंभारणीला वेळेवर तोंड फुटलं, तसं तुम्हां-आम्हांला फुटो, आणि वेळेआधी फुटो. कहाणी होती साठ उत्तरांची, पाच मी सांगितली. उरलेली ज्याच्या त्याच्या कणगीत आहेत, घरी जाऊन उघडून बघा. सुफळ संपूर्ण.