झाकून ठेवलेल्या कण्या

“...मग अन्न सोडायला हरकत काय आहे, आक्का? नुसतं दूध आणि फळं. माझी तयारी आहे.”

आक्का मठीच्या ओट्यावर बसून वाती वळत होत्या. कापूस मांडीवर, आणि नजर खाली पांझरेच्या पात्रावर. पौषातलं पाणी, काठाकाठानं जेमतेम वाहणारं.

“तुम्ही नियम सांगितलात की झालं,” द्वारकाबाई पुन्हा म्हणाल्या. “तुमच्या तोंडून हवाय. गुरूनं दिलेला नियम मग मोडवत नाही.”

“आणि मी नाही दिला तर?”

“तर घरी बसून पाळीन. पण ते व्रत नाही व्हायचं. नुसती उपासमार.”

“एवढं कळतंय म्हणायचं तुला,” आक्का म्हणाल्या, आणि पुढची वात घेतली.

द्वारकाबाईंना हे बोलणं लागलं. व्रतांच्या बाबतीत त्यांना असं कोणी बोलत नसे. सोळा सोमवार त्यांनी केले होते, चातुर्मासात एकभुक्त राहिल्या होत्या, एक अख्खं वर्ष मिठाला शिवल्या नव्हत्या. गल्लीत कोणाचं व्रत कुठे अडलं की बायका त्यांचंच दार वाजवायच्या. सवाष्ण किती सांगायच्या, वाण कसलं द्यायचं, मध्येच अडचण आली तर काय करायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. याचा त्यांना थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे... तसा बराच.

आता दार वाजत नव्हतं. गेल्या वैशाखात यजमान गेले. मुलगी अश्लेषा तिकडे कॅनडात, तिचा संसार, तिची मुलं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि दोघांच्या घरात एक माणूस राहिलं.

एकीसाठी कणीक ती केवढी मळायची? एक पोळी लाटायची आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाऊन टाकायची. पान वाढून घेणं कधी बंद झालं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. जेवताना घरात फक्त आपल्याच चावण्याचा आवाज येतो, हे एकदा लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून घास उतरेना.

त्यातून हे व्रत त्यांना सुचलं होतं. कुकर शेजारी दिला, परात आणि कढई पुतणीला. डबे धुऊन पालथे घातले. चूलच नको, मग वाट बघणंही नको.

“पिशवीत काय आणलंयस?” आक्कांनी विचारलं.

“धान्य आहे. अश्लेषानं पाठवलेलं. घरातलं सगळं वाटून झालं, हे तेवढं कोणी घेईना. म्हटलं मठीत उपयोगी पडेल.”

आक्कांनी पिशवीत हात घातला. मूठ उघडून पाहिली. तांदळाच्या कण्यांसारखे, पण जाड, मातकट, टणक तुकडे.

“ओट्स म्हणतात,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पोह्यांसारखे चपटे मिळतात, ते नव्हेत. हे अख्खे दाणे पोलादी पात्यानं कापतात. रक्तदाबाला चांगले, म्हणे. पण शिजायला महाहट्टी! तासभर ढवळत उभं राहावं लागतं. एकदा केले, तर तळाला लागले. एकदा कुकरला लावले, तर शिट्टीतून सगळी पेज भिंतीवर. तासभर कोण उभं राहणार एका माणसासाठी?”

“कोणासाठी राहिली असतीस?”

“...यांना पेज आवडायची.”

आक्कांनी मूठ पिशवीत रिकामी केली आणि पिशवी द्वारकाबाईंच्या पुढ्यात सरकवली.

“शिजव.”

“मी? इथे?”

“ऊन आहे तोवर. मग नियमाचं बोलू.”

मठीत रांधायचं भांडं एकच होतं, ॲल्युमिनियमचं पातेलं. त्यातच आक्कांचा चहा व्हायचा, त्यातच खिचडी. झाकण नव्हतं, एक थाळी होती. चूल तीन दगडांची. सरपणाला कोपऱ्यात पऱ्हाट्यांची एक पेंडी. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या पाहून द्वारकाबाईंचा जीवच दडपला. पऱ्हाटी भडकते आणि क्षणात राख होते. तासभर आच धरणं तिच्याच्यानं होत नाही.

“एवढ्या काड्यांत एक उकळी फुटेल, आक्का. दाणा नाही शिजायचा.”

“एक फुटू दे.”

द्वारकाबाईंनी पदर खोचला. कितीही म्हटलं तरी हात तो हातच. चूल पेटली तशी त्यांनी सवयीनं दोन वाट्या दाणे काढले. मग थबकल्या, आणि एक वाटी परत पिशवीत ओतायला गेल्या.

“मी काय उपाशी राहू?” आक्का ओट्यावरून म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी दुसरी वाटीही पातेल्यात टाकली. कोरडेच दाणे मंद परतले. हुरड्याचा असतो तसा खमंग वास सुटला, तेव्हा त्यांना वाटलं, हे आपण घरी केलंच नव्हतं. थेट पाण्यात लोटले होते, अंगावरचं काम उरकल्यासारखे. मग त्यांनी दाण्यांच्या चौपट पाणी घातलं, चिमूटभर मीठ घातलं. पातेलं गरम व्हायला लागलं. कडेनं बुडबुडे आले, मग मधोमध, आणि पाणी खदखदू लागलं.

त्यांनी ढवळायला पळी उचलली.

आक्का उठून आल्या. खाली वाकल्या, चुलीतल्या जळत्या काड्या बाहेर ओढल्या आणि राखेत दाबून टाकल्या.

“अहो, हे काय! आत्ता कुठे उकळी आली. दाणे खड्यासारखे आहेत अजून.”

“असू देत.”

“कच्चं राहील सगळं!”

“झाक.”

द्वारकाबाईंनी थाळी झाकली. आक्कांनी तिच्यावर एक धोंडा ठेवला. मग खांद्यावरची घोंगडी काढली. मठीत पांघरायला तेवढं एकच होतं. ती त्यांनी पातेल्याभोवती गुंडाळली, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी, टोकं आत खोचून, आणि ते गाठोडं कोपऱ्यातल्या कडब्यावर ठेवून दिलं.

“हात लावायचा नाही. उघडून पाहायचं नाही.”

“किती वेळ?”

“सकाळपर्यंत.”

“सकाळ...” द्वारकाबाईंचा चेहरा पडला. “म्हणजे शिळं.”

त्यांच्या घरात शिळ्याला थारा नव्हता. रात्रीचं उरलं तर ते गाईला जायचं. देवापुढे ताजं, सोवळ्यात रांधलेलं, वाफ निघत असलेलंच पान जायचं. सासूनं घालून दिलेली ती रीत त्यांनी तापात फणफणत असतानाही मोडली नव्हती.

आक्का पुन्हा वातींकडे वळल्या.

दिवेलागण झाली. द्वारकाबाईंनी हरिपाठ म्हटला, पण लक्ष कोपऱ्यात होतं. एकदा उठल्या, गाठोड्यापर्यंत गेल्या, परत आल्या. थोड्या वेळानं पुन्हा उठल्या.

“नजरेनं शिजवणार आहेस का?” आक्का म्हणाल्या.

“तसं नाही... पण आत काय चाललंय काहीच कळत नाही. ना जाळ, ना आवाज. एकटं पडलंय तिकडे.”

“हं.”

“थंड होऊन बसलं असेल एव्हाना.”

“असेल.”

“आणि तुम्हाला पांघरायला? तुमची घोंगडी तर...”

“मला एक रात्र चालेल. त्याला नाही चालणार.”

द्वारकाबाईंनी आपली शाल निम्मी आक्कांच्या अंगावर घातली. दोघी एका सतरंजीवर, पाठीला पाठ लावून निजल्या. शेजारी कोणाचा तरी श्वास चालू आहे, एवढ्याच आधारावर द्वारकाबाईंना कधी झोप लागली ते कळलं नाही. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

सकाळी आक्का नदीवरून न्हाऊन आल्या, तेव्हा धुकं अजून पाण्यावरच होतं. खालच्या वस्तीतली बाई शेळीचं दूध ठेवून गेली होती.

“सोड,” आक्का म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी घोंगडीची टोकं सोडवली. पातेल्याला हात लावला आणि चटकन आक्कांकडे पाहिलं. पातेलं ऊन होतं. नुकतंच उतरवल्यासारखं नव्हे... पण ऊन.

धोंडा बाजूला केला. थाळी उचलली.

पाणी कुठेच दिसत नव्हतं. दाणा न् दाणा फुगून आला होता, मऊ झाला होता, आणि तरी आपापला आकार धरून होता. पळी तळापर्यंत घातली, तर खाली एक कण चिकटलेला नव्हता. द्वारकाबाईंनी एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. लोणी दाबावं तसा तो चेपला.

“...कधी शिजलं हे?”

आक्कांनी पळी त्यांच्या हातातून घेतली. पळसाच्या पानावर पहिला घास वाढला, वर गुळाचा खडा ठेवला, आणि पान उचलून देवाकडे वळल्या.

द्वारकाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

गुरूचं मनगट. धरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, पण सोडवेना.

“आक्का, देवाला नको. शिळं आहे.”

“शिळं कशाला म्हणतात तुझ्या घरी?”

“काल रांधलेलं.”

“शीतला सप्तमीला काय दाखवतेस?”

“आदल्या दिवशीचंच... पण तो दिवसच तसा. त्या दिवशी चूल पेटवायची नसते.”

“इथे पेटलेली दिसतेय?”

द्वारकाबाईंनी चुलीकडे पाहिलं. राख थंड होती. तरीही त्यांनी मनगट सोडलं नाही.

“रीत आहे, आक्का. रात्रीचं उरलेलं देवाला चालत नाही.”

“रात्री इथे कोण जेवलं?”

“...कोणी नाही.”

“मग उरलं कुठून?”

द्वारकाबाईंनी पानावरच्या घासाकडे पाहिलं.

“हे उरलेलं नाही, बाई,” आक्का हळूच म्हणाल्या. “हे ठेवलेलं आहे.”

खाली नदीवर कोणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. त्याच्या हाका धुक्यातून वर येत होत्या.

गेले कित्येक महिने रस्त्यात कोणी विचारलं, काय द्वारकाबाई, कशा आहात, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “उरलेय आपली.” हसत म्हणायच्या. ऐकणाराही हसायचा आणि पुढे जायचा.

त्यांची बोटं एकेक करून सुटली.

आक्कांनी पान देवापुढे ठेवलं. पाणी फिरवलं. डोळे मिटले. द्वारकाबाईंनीही मिटले, पण मिटल्या पापण्यांतून जे यायचं ते आलंच.

मग आक्कांनी दोन पानं मांडली, समोरासमोर.

“बस.”

शेळीच्या दुधात कालवून, गूळ चुरून दोघी जेवल्या. द्वारकाबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग संकोचून म्हणाल्या, “दाताखाली छान येतं, नाही? मी उगाच नावं ठेवली.”

“मला कुठे दात आहेत,” आक्का म्हणाल्या. “तू सांगशील ते खरं.”

द्वारकाबाई हसल्या. आपलं हसू त्यांना ओळखायला वेळ लागला.

पातेलं घासून झालं. गावाकडे जाणारी गाडी फाट्यावर थांबते, तिची वेळ होत आली. पिशवी काखेत धरून त्या आक्कांपुढे उभ्या राहिल्या. पाय निघत नव्हता. घर आठवलं... कुलूप आठवलं, ते उघडल्यावर येणारा कोंदट वास आठवला.

“म्हणजे अन्न सोडायचं नाही?”

“नियम मागायला आलीस. रिकाम्या हातानं कशी पाठवू?”

द्वारकाबाई चटकन खाली बसल्या. पदर डोक्यावरून घेतला, उजवा तळवा पुढे केला. संकल्प कसा सोडायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आक्कांनी देवापुढचं ताम्हन सरकवलं आणि त्यांच्या तळव्यावर पळीभर पाणी घातलं.

“रोज संध्याकाळी एक उकळी द्यायची. मग गुंडाळून ठेवायचं. सकाळी देवाला दाखवून, पान मांडून, बसून जेवायचं.”

द्वारकाबाई वाट पाहत राहिल्या. पुढे काही येईना.

“...एवढंच? याहून कडक काही नाही?”

“कडकच आहे. पाहशील.”

ताम्हनात पाणी सुटलं.

“भांडी तर वाटून बसलीस,” आक्का म्हणाल्या. “कशात करशील?”

“एक पातेली आहे. पोचे आलेत तिला, म्हणून कोणी नेली नाही.”

“पुरे. आणि शेगडी?”

“शेगडी... उद्या शेजारीण न्यायला येणार आहे.”

“मग?”

“...सांगेन तिला. नको म्हणून.” द्वारकाबाई जरा थांबल्या. “आली की जेवायलाच बसवून घेईन म्हणते. एवढं पाठवलंय अश्लेषानं.”

आक्कांनी घोंगडी झटकून पुन्हा खांद्यावर घेतली.

द्वारकाबाई नमस्काराला वाकल्या, आणि वाकल्या वाकल्याच त्यांना आठवलं. व्रत घेणाऱ्या बाईनं जे आधी विचारायचं, तेच त्या विसरल्या होत्या.

“आणि उद्यापन, आक्का? उद्यापन कधी करायचं?”

आक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“पातेली लहान पडेल त्या दिवशी.”