खुंट्याला बांधलेली काळजी

एकदा एक घोड्यांचा व्यापारी आपले घोडे घेऊन डोंगरउतारावरच्या एका आश्रमात आला. पावसाळा सरला होता, कुरणात गुडघाभर गवत माजले होते, आणि घोडेबाजाराला अजून अवकाश होता. तोवर घोड्यांना इथे चरू द्यावे, एवढीच त्याची विनंती होती. त्यांतली एक काळी घोडी गाभण होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो आश्रमाच्या वृद्ध आचार्यांना म्हणाला, "महाराज, बाकीच्यांचं काही वाटत नाही. हिला तेवढं जपा. हिची आईसुद्धा माझ्याच दारात वाढली."

आचार्यांनी होकार दिला आणि घोडे आपल्या थोरल्या शिष्याच्या स्वाधीन केले. मधमाश्यांची देखभाल त्याच्याकडे आधीपासूनच होती. कुरणाच्या एका कडेला, मेंदीच्या उंच कुंपणाजवळ, आश्रमाच्या मधपेट्या मांडलेल्या होत्या. घोड्याच्या घामाचा वास माश्यांना मुळीच खपत नाही, हे शिष्याला ठाऊक होते. त्यामुळे घोडे कुरणात शिरताना पाहूनच तो खुंटे शोधायला निघाला.

हा शिष्य मोठा कर्तव्यदक्ष होता. कर्तव्यदक्ष माणसाबरोबर दिवस काढणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरी असा एखादा आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्याने लगेच पेट्यांपासून दूर, कुरणाच्या दुसऱ्या टोकाला खुंटे ठोकायला घेतले. आचार्य काठी टेकत तिथे आले आणि शेजारी उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. घणाच्या दणदणाटात शिष्य मान वर न करता "हो गुरुजी, हो गुरुजी" म्हणत होता. आचार्य थांबले, त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि ते परत गेले.

दिवस मावळण्यापूर्वी प्रत्येक घोडा जखडला गेला. मानेला पुढून दोर आणि मागच्या पायांना पिछाडीचा दोर. आता घोडा माश्यांकडे जायचा नाही. शिष्याने समाधानाने हात झटकले.

सकाळी येऊन पाहतो तर सगळे घोडे मोकळे! आचार्य शेवटच्या घोड्याची पिछाडी सोडत वाकलेले होते.

"गुरुजी, हे काय करताय?"

"सोडतोय."

"ते दिसतंय मला. पण का?"

"सांगून झालंय," असे म्हणून आचार्य काठी टेकत चालते झाले.

शिष्य आ वासून पाहतच राहिला. केव्हा सांगितले? कोणाला सांगितले? म्हातारपणी न बोललेलेही बोलल्यासारखे वाटते, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि घोडे पुन्हा बांधले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुटले. मग हा रोजचाच खेळ होऊन बसला. एकाने बांधायचे, दुसऱ्याने सोडायचे. एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. पण आचार्यांनी एके दिवशी पेट्याही फिरवून त्यांची तोंडे थेट कुंपणाकडे केली. घराचे दार भिंतीसमोर काढावे तसा हा प्रकार पाहून शिष्याने कपाळावर हात मारला.

"तूच सांग, बाई," घोडीला बांधताना तो तिच्या कानाशी कुरकुरला, "मी काय वाईट करतोय? तुझ्याच जिवासाठी चाललंय ना हे? आणि यांना काही पोच आहे का?" घोडीने नुसता कान हलवला. रोज तिच्याशी बोलता बोलता त्याचा तिच्यावर जीव जडला होता, हे मात्र खरे.

शेवटी त्याने दुहेरी गाठी मारायला सुरुवात केली. आचार्यांच्या थरथरत्या बोटांना त्या सुटेनात, तेव्हा त्यांनी विळा आणला आणि नवेकोरे दोर सरळ कापले. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजाराचा दिवस जवळ येत होता. आता एकदा व्यापारी येऊ दे, त्याच्यासमोरच सोक्षमोक्ष लावायचा, असे त्याने ठरवले.

व्यापारी यायचा त्या दिवशी शिष्याने निदान घोडी तरी व्यवस्थित दिसावी म्हणून तिला खरारा केला आणि उरलेल्या दोरांनी पुढून-मागून घट्ट बांधले. बाकीचे घोडे मोकळेच चरत होते. त्यांतल्या एका शिंगराला खाज सुटली. ते मागे मागे सरकत पेट्यांपाशी गेले आणि एका पेटीला अंग घासू लागले. पेटी कलंडली, फुटली, आणि माश्यांचा लोट बाहेर पडला.

पहिला डंख बसताच शिंगरू उधळले. त्याच्यामागोमाग सगळे घोडे वाऱ्यासारखे सुटले आणि उतारावरच्या झुडपांत घुसून दिसेनासे झाले. माश्यांनी थोडा पाठलाग केला आणि त्या माघारी फिरल्या. माघारी फिरल्या त्या घामेजलेल्या, जागच्या जागी झटापट करणाऱ्या काळ्या घोडीवर.

शिष्य धावला. घोडीने हिसके देऊन देऊन गाठी आणखी आवळल्या होत्या. त्याची बोटे सोलवटली, पण गाठ सुटेना. घोडी गुडघ्यांवर आली. "सुट गं, सुट!" तो रडत ओरडत होता, आणि सुटणे काही तिच्या हातात नव्हते. तेवढ्यात डोक्यावरून उपरणे ओढून आचार्य आले. विळ्याने त्यांनी आधी पिछाडी कापली, मग मानेचा दोर. घोडी धडपडत उठली आणि झुडपांच्या दिशेने उधळली.

पुढे पर्णकुटीत शिष्य आचार्यांच्या चेहऱ्यावरचे काटे नखाने खरवडून काढत होता. आचार्यांचा एक डोळा मिटला होता आणि ओठ सुजला होता. शिष्याला राहवेना. "गुरुजी, निदान आधी सांगायचंत तरी!"

"सांगितलं होतं," आचार्य सुजल्या ओठांनी कडाडले. "पहिल्याच दिवशी. अथपासून इतिपर्यंत. तू खुंटे ठोकत होतास!"

शिष्याचा हात जागीच थांबला.

आचार्यांचा स्वर मग खाली आला. "अरे, घोड्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. पळणं एवढंच त्याचं संरक्षण. तेच तू काढून घेतलंस आणि त्याला जपणं म्हणालास. तुला घोडीची काळजी होती, हे मला दिसत होतं. पण ती काळजी तुला सोसवेना, म्हणून तू ती खुंट्याला बांधून टाकलीस. दोर तिच्या गळ्यात आणि झोप तुला."

दुपारी व्यापारी आला. घोडी ओढ्याच्या पाण्यात उभी होती. नाकाडावर सूज होती, पण ती गवत खात होती आणि पोटातले पिल्लू हालत होते. व्यापाऱ्याने तिच्या पोटाला हात लावून पाहिले आणि विचारले, "ही बांधलेली तर नव्हती ना?"

"बांधलेली होती," शिष्य म्हणाला. "मीच बांधली होती. गुरुजींनी दोर कापला."

व्यापाऱ्याने जाऊन आचार्यांच्या पायांवर डोके ठेवले.

घोडे गेल्यावर, माश्या शांत झाल्यावर, शिष्याने सगळे खुंटे उपटले आणि तो ते मधपेट्यांच्या भोवती ठोकू लागला, म्हणजे पुन्हा कुठल्या घोड्याचे अंग पेट्यांना लागायला नको. ज्यांना पळता येत नव्हते त्या पेट्याच होत्या, हे त्याला आज उमगत होते. काम करता करता त्याचे लक्ष माश्यांकडे गेले. पेटीतून निघालेली प्रत्येक माशी समोरच्या कुंपणामुळे सरळ वर चढत होती आणि उभ्या घोड्याच्याही डोक्यावरून जाईल इतक्या उंचीने कुरणापार होत होती. गुरुजींनी पेट्यांची तोंडे कुंपणाकडे का फिरवली होती, ते आता त्याला कळले.

मागून काठीचा आवाज आला. शिष्याने घण खाली ठेवला, हात जोडले आणि तो आचार्यांकडे तोंड करून उभा राहिला.

"बोला, गुरुजी."

आचार्यांनी त्या खुंट्यांकडे पाहिले, मग खाली ठेवलेल्या घणाकडे.

"काही नाही," ते म्हणाले. "जेवायला चल."