करंजटेपचा वर केलेला हात

करंजटेप स्टेशनवर संध्याकाळची लोकल आली की बाहेरगावचा माणूस एका गोष्टीने हमखास गोंधळतो. उतरलेली माणसं पादचारी पूल ओलांडून पलीकडच्या बसकडे जातात. त्यांच्यातला सर्वांत शेवटचा मात्र पुलाच्या मधोमध थांबतो, मागे वळून फलाट नीट न्याहाळतो आणि हात उंच करतो. तेव्हा कुठे टेपाआडून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज येतो. पाहुण्याला वाटतं, टेपावरच्या देवीला नमस्कार घातला असेल. देवीला नमस्कार असतोच, पण तो खाली उतरल्यावर. हाताची गोष्ट वेगळी आहे, आणि बसथांब्यावरचे म्हातारे ती आनंदाने सांगतात. बस सुटायला वेळ असतोच.

स्टेशन आणि बसथांबा यांच्या मधे हा टेप, म्हणजे करंजाच्या झाडांची बुटकी टेकडी. थांब्यावरून ना रूळ दिसतात, ना फलाट. दिसतो तो फक्त पुलाचा माथा. पूर्वी बस घड्याळाच्या वेळेला सुटायची आणि लोकल तिला वाटेल तेव्हा यायची. बस जाते त्या शिरवंड्याची माणसं पूल उतरून धापा टाकत थांब्यावर पोचेपर्यंत समोर नुसती धूळ उरलेली असायची. मग ओढ्याकाठच्या आडवाटेने, दिवेलागण उलटून गेल्यावर, पायी घर.

त्या काळी शिरवंड्यात चांगुणाबाई नावाची बाई होती. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. दुपारच्या बसने काकड्या आणि शिराळ्यांची पाटी घेऊन यायची, पुलाच्या पायथ्याशी विकायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. तिने आपल्या मुलासाठी सून आणली प्रमिला, शहरातल्या दवाखान्यात नर्स असलेली. मुलीच्या आईने लग्नाआधी एकच मागणं केलं होतं, की पोरीची नोकरी सोडवू नका. चांगुणाबाईने भर मांडवात शब्द दिला. नवऱ्याला, म्हणजे नानांना, विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

नाना वाईट नव्हते, पण धास्तावणारे होते. ओढ्याकाठी जनावर फिरतं, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. त्यांनी सांगून टाकलं, "पोर एक दिस जरी काळोखात चालत आयली, त नोकरी बंद. मंग माज्याशी भांडाचा नाय."

आता शब्द चांगुणाबाईचा आणि बस सरकारची. ती सरळ ड्रायव्हरकडे गेली. जनार्दन ड्रायव्हर तसा भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, गाडी आली की नाही मला इथून कळत नाही, म्हणून निघतो. तुम्ही पुलावरून हात दाखवा. हात दिसेपर्यंत थांबेन."

झालं. रोज लोकलच्या वेळेला चांगुणाबाई पुलाच्या माथ्यावर उभी. प्रमिला फलाटावर उतरली, जिना चढून आली, की सासूचा हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात वर जायचा. थांब्यावरून तो लखलखीत दिसायचा. मग दोघी गप्पा मारत बसमध्ये. नाना गप्प, विहीणबाई खूश, आणि चांगुणाबाईला आपल्या हाताचा भारी अभिमान.

एका संध्याकाळी असाच हात करून ती सुनेबरोबर उतरली आणि बस निघाली. मागे फलाटावर कुणी राहिलंय का, हे तिने पाहिलंच नाही. राहिली होती शेजारची बायजा. गुडघ्याने अधू, लेकीचं बाळंतपण उरकून आलेली, डोक्यावर बोचकं. कोंबड्यांवरून दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं.

बायजा पायी आली. घरी जाण्याआधी ती चांगुणाबाईच्या अंगणात टेकली आणि पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून ती म्हणाली, "तुजी सून आयली ना घरा? बरा झाला." आणि लंगडत निघून गेली.

भांडली असती तर चांगुणाबाईने सव्याज परत केलं असतं. या एका वाक्यानंतर मात्र ती रिकामा तांब्या घासत बसली. ती जेवली नाही म्हणे. दुसऱ्या दुपारी बसमधून उतरताच टेपावरच्या देवीपुढे नारळ ठेवून तिने नवस बोलला, "आई, आता शेवटचा मानूस पूल चढल्याबिगर माजा हात वर व्हनार नाय. सून आधी येवो, नायतर मागून." आणि पाटी घेऊन कामाला लागली.

नवस सोपा, पाळणं कठीण. कुणाची चप्पल तुटायची, कुणी फलाटावरच पान लावत बसायचं. बस रोज उशिरा सुटू लागली. रिकामी धावणारी बस भरून जाऊ लागली हे खरं, पण डेपोत ते कोण बघतो? तिथे उशीर तेवढा दिसतो. जनार्दनला तंबी मिळाली, की साहेब स्वतः तपासायला येतील आणि उशीर दिसला तर संध्याकाळची फेरीच बंद.

फेरी बंद म्हणजे प्रमिलाची नोकरी बंद. नाना म्हणाले, "सून चढली का हात कर ना. देवी काय घड्याल लावून बसलीय?" प्रमिलाही रडकुंडीला आली. चांगुणाबाईने रात्र तळमळून काढली, पण बायजाचं ते वाक्य काही कानांतून जाईना.

दुसऱ्या दिवशी लोकल उशिरा आली. माणसं भराभर पूल उतरली, प्रमिला बसमध्ये जाऊन बसली. बस सुटायची वेळ केव्हाच टळून गेली होती. जनार्दनने हॉर्न वाजवला, आतली माणसं ओरडू लागली. फलाटाच्या पार टोकाला एक जाडजूड गृहस्थ बॅग सांभाळत, कण्हत येत होते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत होते. चांगुणाबाईचा हात खालीच.

गृहस्थ वर पोचले आणि कठड्याला टेकून म्हणाले, "बाई, शिरवंड्याची बस गेली असेल ना?"

"कशी जाईल? तुमचीच वाट बघतेय."

तिने मागे वळून फलाट पाहिला. रिकामा. मग हात वर केला. टेपाआडून इंजिनाचा आवाज आला, आणि तिने त्यांची बॅग आपल्या पाटीत घेतली.

बसच्या दाराशी जनार्दनने त्या गृहस्थांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डेपोचे साहेब ते हेच. उशीर पकडायला आलेले साहेब त्याच उशिरामुळे बसमध्ये बसू शकले होते. शिरवंड्याला उतरताना त्यांनी चांगुणाबाईला हात जोडले. आठवडाभरात थांब्यावर वेळापत्रकाची नवी पाटी लागली. तिच्यावर संध्याकाळच्या फेरीपुढे वेळच नव्हती. लिहिलं होतं, 'गाडी आल्यावर'.

पाटी लागली त्या दिवशी बायजाने कोंबडीची अंडी पाठवली, असं सांगतात. खरंखोटं देवी जाणे.

चांगुणाबाईचे पाय थकले तेव्हा प्रमिला रोज मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहू लागली. सासूच्या बांगड्या हातात घालून तीच हात करायची. पुढे चांगुणाबाई देवाघरी गेली, प्रमिला नोकरीतून सन्मानाने निवृत्त झाली, आणि मग जो शेवटी येईल त्याने हात करायचा, असं आपोआप ठरून गेलं.

आजही पाटीवर तेच लिहिलेलं आहे, आणि आजही हात दिसल्याशिवाय बस हलत नाही. नव्या ड्रायव्हरला तेवढा एक प्रश्न पडतो, की एखाद्या संध्याकाळी लोकलमधून कुणी उतरलंच नाही, तर हात कोण करणार? मध्यंतरी अशाच एका संध्याकाळी एक नवा ड्रायव्हर पुलाकडे बघत बसला होता. थोड्या वेळाने त्याने इंजिन सुरू केलं, आणि तेवढ्यात कंडक्टर स्टेशनवरून सांगत आला, की आज कुणीच उतरलं नाही.

"मग आत्ता हात कुणी केला?" ड्रायव्हर चक्रावला.

थांब्यावरच्या म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "बांगड्या व्हत्या का हातान?"

"होत्या. हिरव्या."

"मंग जा बिनघोर. मागं कुणी राहिला नाय."